लग्नानंतरही वडिलांच्या छत्रीखाली: जिल डगरचं प्रकरण

जिल डगर ही टीव्ही मालिकेमुळे प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या, कडक धार्मिक अमेरिकन कुटुंबातली मुलगी. तिनं घर कधी सोडलं, याचं उत्तर एका तारखेत देता येत नाही. 21 जून 2014 ला तिचं लग्न झालं आणि ती आईवडिलांच्या घरातून नवऱ्याच्या घरी गेली. 2015 मध्ये ती नवऱ्याबरोबर मध्य अमेरिकेत, म्हणजे देशाबाहेरच राहायला गेली. पण ती स्वतः सांगते त्याप्रमाणे, त्या सगळ्या काळात तिचं वेळापत्रक, तिच्या बाळंतपणाचं चित्रीकरण आणि तिच्या कामाचे पैसे वडिलांच्याच हातात होते. ती खरोखर बाहेर पडली ती 2017 च्या सुमारास. तेव्हा ती 26 वर्षांची होती आणि दोन मुलांची आई झाली होती.

कडक मूलतत्त्ववादी ख्रिस्ती घरांत मुलांवर चालणाऱ्या नियंत्रणाचा विषय निघाला की बंद दारं, मारहाण, रात्री पळून गेलेली मुलगी हेच आधी डोळ्यांपुढे येतं. अमेरिकेत तशी प्रकरणंही झाली आहेत. जिलच्या घराला कुलूप नव्हतं. उलट वर्षानुवर्षं टीव्हीचे कॅमेरे त्या घरात फिरत होते आणि लाखो प्रेक्षक त्या हसऱ्या, शिस्तीच्या कुटुंबाचं कौतुक करत होते. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललेलं नियंत्रण कुणाला दिसलं नाही, आणि जिच्यावर ते चाललं तिलाही अनेक वर्षं उमगलं नाही, म्हणून हे प्रकरण मला बारकाईनं पाहण्यासारखं वाटतं.

घर आणि घरामागची शिकवण

जिम बॉब आणि मिशेल डगर हे आर्कान्सा राज्याच्या वायव्य भागात, टॉन्टीटाउनमध्ये राहणारं जोडपं. 1984 मध्ये लग्न, पुढे 19 मुलं. जिल त्यांतली चौथी, जन्म मे 1991. जिम बॉब जुन्या गाड्या आणि जमीनजुमल्याचे व्यवहार करत; 1999 ते 2003 या काळात ते राज्याच्या प्रतिनिधीगृहाचे सदस्य होते. 2002 मध्ये त्यांनी अमेरिकेच्या सिनेटसाठी पक्षांतर्गत निवडणूकही लढवली आणि हरले. 2004 मध्ये या मोठ्या कुटुंबावर पहिला टीव्ही कार्यक्रम झाला आणि 2008 पासून टीएलसी वाहिनीवर नियमित मालिका सुरू झाली. मालिकेच्या नावातला मुलांचा आकडा 17 वरून 18 आणि मग 19 झाला.

या घराचे नियम आईवडिलांनी स्वतः बसून तयार केलेले नव्हते. ते बिल गॉथर्ड नावाच्या, कधीच लग्न न केलेल्या एका उपदेशकाच्या संस्थेतून आले होते. गॉथर्डनं 1961 मध्ये स्थापन केलेली संस्था पुढे 'इन्स्टिट्यूट इन बेसिक लाइफ प्रिन्सिपल्स', थोडक्यात आयबीएलपी, या नावानं ओळखली गेली. सत्तरच्या दशकात त्याच्या व्याख्यानमाला मोठमोठ्या क्रीडागृहांत भरत. साठच्या दशकातल्या बंडखोर तरुणाईनं धास्तावलेल्या आईबापांना तो एक हमी देत होता: ही सूत्रं पाळा, तुमची मुलं हाताबाहेर जाणार नाहीत. 1984 मध्ये संस्थेनं घरी शिकणाऱ्या मुलांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. बायबलमधल्या डोंगरावरील प्रवचनावर आधारलेल्या 54 पुस्तिका, आणि त्यांतच इतिहास, विज्ञान, कायदा, वैद्यक असं सगळं ओवलेलं. डगर मुलं याच पुस्तिकांवर वाढली.

गॉथर्डच्या शिकवणीतलं सर्वांत प्रसिद्ध चित्र छत्र्यांचं आहे. सर्वांत वर मोठी छत्री ख्रिस्ताची, तिच्याखाली नवऱ्याची, तिच्याखाली बायकोची, आणि मुलं सगळ्यांत खाली. छत्रीखाली राहाल तोवर देवाचं संरक्षण. बाहेर पाऊल टाकलंत की सैतानाला मोकळं रान. हे फक्त लहान मुलांना लागू होतं असं नाही. शिक्षण, नोकरी, लग्न असे मोठे निर्णय सज्ञान मुलामुलींनीही पालकांच्या आशीर्वादानंच घ्यायचे होते. मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं असं बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात म्हटलेलं आहे. ते वचन तिथे वयाच्या मर्यादेशिवाय वाचलं जाई. त्याच्या जोडीला शमुवेलच्या पुस्तकातलं, बंडखोरीला जादूटोण्याच्या पापाच्या पंक्तीत बसवणारं वचन होतं.

या शिकवणीचा परिणाम काय होतो ते नीट लक्षात घेतलं पाहिजे. वडिलांना 'नाही' म्हणणं ही तिथे घरातली कुरबूर राहत नाही. ते देवाच्या व्यवस्थेविरुद्धचं बंड ठरतं आणि पुढे आयुष्यात जे काही वाईट घडेल त्याचा दोष आपोआप त्या 'नाही'वर येतो. अपघात झाला, बाळ आजारी पडलं, पैसे बुडाले, तरी कारण आधीच ठरलेलं: छत्री सोडली. अशा घरात वाढलेल्या मुलीला कोंडून ठेवावं लागत नाही.

इथे मराठी वाचकासाठी एक गोष्ट सांगून टाकतो. या गटाचं वागणं म्हणजे ख्रिस्ती धर्म, असं समजणं मोठा अन्याय होईल. सावित्रीबाई फुले ज्यांच्याकडे नगरला शिक्षिका होण्याचं शिक्षण घ्यायला गेल्या त्या मिस फरार याही अमेरिकेतूनच आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनरी होत्या, अविवाहित होत्या, आणि मुलींनी शाळेत यावं म्हणून त्यांनी आयुष्य घालवलं. बायबल तेच होतं. मुलींना घरात ठेवायचं की शाळेत पाठवायचं, हे ते वाचणाऱ्या माणसांनी ठरवलं.

आज्ञाधारक मुलगी

डगरांच्या घरात मोठ्या मुलांवर धाकट्या भावंडांची जबाबदारी वाटून दिलेली असे. मोठ्या मुलींच्या वाट्याला एकेक लहान मूल येई: त्याला उठवणं, भरवणं, अभ्यास घेणं, झोपवणं. मुली लांब स्कर्ट घालत. टीव्ही घरात नव्हता, ढोलाचा ठेका असलेलं संगीत निषिद्ध होतं. रस्त्यानं चालताना एखादी बाई त्यांच्या दृष्टीनं तोकड्या कपड्यांत दिसली की 'नायकी' असा सांकेतिक शब्द उच्चारला जाई आणि मुलगे व वडील नजर बुटांकडे वळवत. आज्ञा पाळायची ती तत्काळ, पूर्ण आणि हसऱ्या चेहऱ्यानं. शेवटची अट सर्वांत जाचक आहे असं मला वाटतं. मनाविरुद्ध केलेलं काम निदान चेहऱ्यावर दिसू शकतं. इथे नाराजी दाखवण्याचीही मुभा नव्हती. आणि वर्षानुवर्षं नाराजी दाखवली नाही की ती आपल्याला वाटतेय हेही माणसाला कळेनासं होतं.

जिल या कसोटीवर सर्वांत उतरणारी मुलगी होती. ती आईवडिलांची लाडकी, पडेल ते काम उचलणारी, वाद न घालणारी. महाविद्यालयात ती गेली नाही. एका सुईणीच्या हाताखाली प्रसूतीचं काम शिकली. मालिकेचं चित्रीकरण तिच्या किशोरवयापासून तिच्या दिनक्रमाचा भाग होतं. वडिलांनी तिला सांगितलं होतं की ही मालिका म्हणजे कुटुंबाची धर्मसेवा आहे. सेवेचा मोबदला मागायचा नसतो, त्यामुळे पैशाचा प्रश्न तिच्या मनात आला नाही, किंवा आला तेव्हा तिनं तो गिळला. तिच्याच सांगण्यानुसार सज्ञान झाल्यावरची साडेसात वर्षं तिनं या मालिकेत काम केलं आणि त्या काळात तिच्या हातात एक पैसाही आला नाही.

लग्न ठरलं तेही व्यवस्थेतूनच. डेरिक डिलार्ड हा तरुण नेपाळमध्ये सेवाकार्य करत होता. जिम बॉब त्याचे प्रार्थनेतले जोडीदार होते आणि त्यांनीच त्याची जिलशी ओळख करून दिली. नोव्हेंबर 2013 मध्ये जिल त्याला पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटली ती नेपाळमध्ये, वडील बरोबर असताना. दोघांच्या मेसेजमध्ये आईवडीलही सामील असत. एकांत नाही, लग्नाआधी चुंबन नाही, मिठीसुद्धा बाजूनं. मला या नियमांची थट्टा करायची नाही. अनेक जोडपी मनापासून असं वागणं निवडतात आणि सुखी असतात. इथला मुद्दा इतकाच की निवडायला दुसरं काही समोर ठेवलेलंच नव्हतं.

करार

लग्नाच्या आदल्या दिवशी, घरात पाहुण्यांची आणि तयारीची गडबड असताना, वडिलांनी जिलसमोर काही कागद ठेवले. तिला दिसलं ते सहीचं पान. आधीची पानं वाचावीत, एक दिवस थांबावं, कुणाला दाखवावं, असं तिच्या मनात आलं नाही, कारण वडिलांनी पुढे केलेल्या कागदावर सही करायची असते. पुढे कळलं की तो पुढच्या काही वर्षांच्या चित्रीकरणाचा करार होता आणि तिचं वैवाहिक आयुष्यही त्यात बांधलं गेलं होतं.

या एका सहीत या प्रकरणाचा गाभा आहे. तेव्हा जिल 23 वर्षांची होती. कायद्याच्या दृष्टीनं ती पूर्ण सज्ञान, आणि सही खरी. जबरदस्ती म्हणावी तर कुणी हात धरला नव्हता. पण ज्या व्यक्तीला जन्मापासून वडिलांचा शब्द तपासून पाहणं हेच पाप म्हणून शिकवलं आहे, तिच्या संमतीची किंमत काय? करारकायद्यात दबावाखालच्या संमतीचा विचार आहे, पण तो सिद्ध करायला दबाव ओळखता यावा लागतो. जिलला तो ओळखायला आणखी दोन-तीन वर्षं लागली.

पहिलं बाळ एप्रिल 2015 मध्ये झालं. तिला प्रसूतीच्या वेळी कॅमेऱ्याची माणसं नको होती. ती इतकी वैयक्तिक गोष्ट होती की तिनं, कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच, ठाम नकार दिला. शेवटी तोडगा निघाला: बाहेरची माणसं येणार नाहीत, घरच्यांनी चित्रण करून द्यायचं. प्रसूती लांबली, अवघड झाली, शस्त्रक्रिया करावी लागली, आणि ते सगळं कार्यक्रमात दाखवलं गेलं. नंतर जिल आणि डेरिकनं वाहिनीकडे विनंती केली की विमा वगळून आमच्या खिशातून गेलेला दवाखान्याचा खर्च तरी द्या. उत्तर आलं की पैसे कुटुंबाला दिलेले आहेत. कुटुंब म्हणजे वडील. वाहिनीचा व्यवहार जिम बॉब यांच्याशी होता. प्रौढ मुलामुलींशी वेगळा हिशेब नव्हता.

डेरिक वॉलमार्टच्या मुख्यालयात हिशेबनीस होता. आकड्यांची सवय असलेल्या माणसाला हे उत्तर सहज पटणारं नव्हतं. तिथून प्रश्न सुरू झाले.

2015 चा उन्हाळा

त्याच वर्षी मे महिन्यात एका साप्ताहिकानं पोलिसांचा 2006 चा अहवाल छापला. सर्वांत मोठ्या भावानं, जोशनं, किशोरवयात पाच मुलींवर लैंगिक अत्याचार केले होते आणि त्यांतल्या चार त्याच्या बहिणी होत्या. आईवडिलांना ते तेव्हाच कळलं होतं; त्यांनी ते आधी घरात आणि चर्चच्या ज्येष्ठांपर्यंतच ठेवलं होतं. अहवालात नावं झाकलेली असली तरी तपशिलांवरून बहिणी ओळखू येत होत्या. मालिका बंद पडली. जिल आणि तिची बहीण जेसा यांनी राष्ट्रीय वाहिनीवर मुलाखत देऊन, आपण त्या बहिणींपैकी आहोत असं सांगितलं आणि आईवडिलांची बाजू घेतली.

त्या मुलाखतीबद्दल पुढे जिलनं लिहिलं आहे की ती देण्याची तिची इच्छा नव्हती. कुटुंब आणि कार्यक्रम वाचवायची जबाबदारी आपली आहे असं तिला वाटत होतं. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्याच मुलींनी घराची अब्रू सावरायला पुढे यायचं, ही गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत क्लेशकारक वाटते. आणि ती शिकवणीशी सुसंगत होती. गॉथर्डच्या संस्थेच्या समुपदेशन पत्रकात, अत्याचार झालेल्या व्यक्तीला देवानं हे का होऊ दिलं असा प्रश्न विचारून जी संभाव्य कारणं दिली होती त्यांत अंगप्रदर्शन, वाईट संगत आणि पालकांच्या संरक्षणाबाहेर जाणं ही होती. अत्याचार पालकांच्याच छपराखाली, सख्ख्या भावानं केला असेल तर काय, या प्रश्नाला त्या चौकटीत जागा नव्हती. खुद्द गॉथर्डनं, 30 हून अधिक स्त्रियांनी गैरवर्तनाचे आरोप केल्यावर, मार्च 2014 मध्येच संस्थेचा राजीनामा दिला होता. आरोप लैंगिक होते हे त्यानं नाकारलं. जिलचं लग्न झालं त्या वर्षी व्यवस्थेचा संस्थापक असा पायउतार झालेला होता, तरी घरातली छत्री जागच्या जागी होती.

बाहेर

मालिका बंद झाली तरी वर्षअखेरीस तिची नवी आवृत्ती आली, आता मोठ्या विवाहित मुलींना पुढे ठेवून. जिल आणि डेरिक मध्य अमेरिकेत धर्मकार्यासाठी गेले होते. त्यांना चित्रीकरणासाठी परत बोलावलं जाऊ लागलं. डेरिकनं नकार दिला तेव्हा तुम्ही करारानं बांधलेले आहात असं उत्तर आलं. कोणता करार, असं विचारल्यावर लग्नाच्या आदल्या दिवशीची ती सही समोर आली.

इथून पुढची दोन वर्षं बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणी वाटतील: ईमेल, बैठका, वकिलाची पत्रं, हिशेबाची मागणी, पुन्हा बैठक. घर सोडणं बहुतेक वेळा असंच असतं. 2017 मध्ये दोघांनी कार्यक्रम सोडला. वकील नेमल्यावर त्यांना काही रक्कम मिळाली. ती तासांच्या हिशेबानं किमान वेतनाच्या आसपास भरते असं डेरिकनं सांगितलं. जिलनं मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सुरुवात केली. ज्या घरात समुपदेशन म्हणजे बायबल आणि वडील, तिथल्या मुलीसाठी हे मोठं पाऊल होतं. 'नाही' म्हणायचं, कारण द्यायचं नाही आणि समोरचा दुखावला तरी ते मागे घ्यायचं नाही, हे तिला शिकावं लागलं.

याच काळातले इतर बदल अनेकांना किरकोळ वाटतील: तिनं पँट घातली, नाकात चमकी घातली, मुलाला घरी न शिकवता सरकारी शाळेत घातलं. आपल्याकडे चमकी तर आईच हौसेनं टोचवते. पण तिथे यांतली प्रत्येक गोष्ट वडिलांशी तणाव वाढवणारी होती. तिनं जाहीरपणे सांगितलं आहे की नंतरच्या काळात वडील घरी नसतील तर माहेरी जायला तिला परवानगी घ्यावी लागे. धाकटी भावंडं त्याच घरात होती. घर सोडणाऱ्याची सर्वांत मोठी किंमत बहुधा हीच असते. ज्यांना तिनं कडेवर वाढवलं ती मुलं आता तिला भेटणार की नाही हे दुसरं कुणी ठरवत होतं.

डेरिकला नायक करायचा मोह टाळायला हवा. 2017 मध्ये त्यानं त्याच वाहिनीवर दिसणाऱ्या एका किशोरवयीन ट्रान्सजेंडर मुलीबद्दल जाहीरपणे अवमानकारक लिहिलं आणि वाहिनीनं त्याच्याशी संबंध नाकारले. त्यानं बायकोच्या हक्कासाठी लढा दिला हे खरं, आणि दुसऱ्याच्या मुलीला दुखावलं हेही खरं. पुढे तो कायद्याचं शिक्षण घेऊन 2021 मध्ये पदवीधर झाला.

दार कुणी उघडलं

माझ्या मते या प्रकरणात सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट ही: जिल व्यवस्था मोडून बाहेर पडली नाही. व्यवस्थेनंच ठेवलेल्या दारातून ती बाहेर पडली.

बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात पुरुषानं आईबापांना सोडून बायकोशी जडून राहावं असं म्हटलं आहे. छत्र्यांच्या चित्रातही विवाहित स्त्रीच्या डोक्यावरची छत्री नवऱ्याची असते, वडिलांची नव्हे. म्हणजे गॉथर्डच्या हिशेबानंही लग्नानंतर जिम बॉब यांचा अधिकार संपायला हवा होता. तो पैसा आणि करार यांच्या मार्गानं चालू राहिला. डेरिकनं प्रश्न विचारले तेव्हा जिलला पहिल्यांदा वडिलांना नकार देताना आपण आज्ञाभंग करत नाही आहोत असं स्वतःला सांगता आलं, कारण ती नवऱ्याचं ऐकत होती. तिचं स्वतःचं मत, स्वतःच्या नावावरचा नकार, हे त्यानंतर हळूहळू आलं.

आता याची दुसरी बाजू पाहा. नवरा त्याच विचारांचा निघाला तर हे दार उघडत नाही. आणि लग्नच झालं नाही तर दारच नसतं. या वर्तुळात अविवाहित मुलीनं कितीही वयाची होईतो वडिलांच्या घरी राहावं, वडिलांच्या कामात हातभार लावावा, बाहेर शिकायला किंवा नोकरीला जाऊ नये, अशी रीतसर शिकवण देणारे गट होते. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोची व्हिजन फोरम ही संस्था त्यांत पुढे होती. 2013 मध्ये तिचा प्रमुख डग फिलिप्स यानं विवाहबाह्य संबंधाची कबुली देऊन राजीनामा दिला आणि ती बंद पडली. डगरांची सर्वांत मोठी मुलगी जेना ऑगस्ट 2024 मध्ये, 34 व्या वर्षी लग्न होईपर्यंत माहेरीच राहिली. ती नाखूश होती असं म्हणण्याचा मला काही अधिकार नाही. तिनं तसं म्हटलेलं नाही. पण तिच्यापेक्षा लहान बहिणींना घर सोडण्याची जी एकमेव मान्य रीत उपलब्ध होती, ती तिला इतकी वर्षं नव्हती, एवढं नक्की.

कागदपत्रांच्या बाबतीत जिल सुदैवी होती. सार्वजनिक आयुष्य जगणाऱ्या कुटुंबातली असल्यानं ती कोण आहे याचा पुरावा होता. टेक्सासमधल्या एका 19 वर्षांच्या मुलीला घर सोडल्यावर कळलं की आपण या देशात जन्मलो हे सिद्ध करायला आपल्याकडे काहीच नाही: जन्म घरी, नोंद नाही, शाळा घरीच, सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेत ओळखीसाठी लागणारा सरकारी क्रमांक) नाही. नोकरी, वाहन परवाना, मतदान, सगळं अडलं. तिनं आपली कैफियत जाहीर केली आणि 2015 मध्ये टेक्सासनं कायदा केला की अशा मुलाच्या जन्माबद्दल शपथपत्र द्यायला नकार देणारे पालक गुन्हेगार ठरतील. कागद आईबापांच्या ताब्यात असतील तर 18 वर्षं पूर्ण होण्याला व्यवहारात अर्थ उरत नाही, हे त्या राज्याच्या लोकप्रतिनिधींना एका मुलीमुळे दिसलं.

आज

डिसेंबर 2021 मध्ये जोश डगरला बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रं मिळवल्याबद्दल दोषी ठरवण्यात आलं आणि पुढच्या वर्षी त्याला बारा वर्षांहून अधिक तुरुंगवासाची शिक्षा झाली. जून 2023 मध्ये या कुटुंबावर आणि गॉथर्डच्या संस्थेवर एक माहितीपट मालिका आली; तीत जिल आणि डेरिक बोलले. त्या सप्टेंबरमध्ये तिचं आत्मकथन प्रसिद्ध झालं. जिंजर या धाकट्या बहिणीनंही त्याच वर्षी गॉथर्डच्या शिकवणीपासून आपण कसे दूर झालो ते लिहिलं. आईवडिलांनी निवेदन काढून त्या माहितीपटाला सनसनाटी आणि बदनामीकारक म्हटलं, आपलं सगळ्या मुलांवर प्रेम आहे असं सांगितलं आणि घरातले मतभेद घरात सोडवावेत अशी भूमिका घेतली. ते प्रेम खोटं आहे असं जिलही म्हणत नाही. तिनं ख्रिस्ती श्रद्धाही सोडलेली नाही. ती चर्चला जाते, प्रार्थना करते. तिनं गॉथर्ड सोडला आहे. तिच्यासारख्यांना मदत करणाऱ्यांनी हे विसरू नये, कारण घर सोडायचं तर देवही सोडावा लागेल अशी अट बाहेरून घातली गेली, तर अनेक मुली घरातच राहतील.

कायद्याच्या बाजूनं मात्र काम अर्धवट आहे. 2023 मध्ये इलिनॉय राज्यानं, आईबापांच्या ऑनलाइन व्हिडिओंमध्ये वारंवार दिसणाऱ्या 16 वर्षांखालच्या मुलांसाठी कमाईतला वाटा वेगळा ठेवण्याचा कायदा केला. तो जुलै 2024 पासून लागू झाला. चांगला कायदा आहे. पण जिलची जी साडेसात वर्षं बिनपगारी गेली ती सगळी 18 नंतरची होती आणि असा कायदा तेव्हा असता तरी तिच्या उपयोगी पडला नसता. कुटुंबाला घेऊन कार्यक्रम करणाऱ्या प्रत्येक कंपनीनं प्रत्येक सज्ञान सदस्याशी वेगळा करार करावा, सहीपूर्वी त्याला स्वतःचा वकील आणि वाचायला वेळ मिळावा, आणि पैसे त्याच्याच नावच्या खात्यात जावेत, एवढी तरतूद फार मोठी नाही. वडिलांच्या खात्यात एकरकमी पैसे भरून "आम्ही कुटुंबाला दिले" म्हणणं, हे सज्ञान माणसाच्या बाबतीत कायद्यानंच अपुरं ठरवायला हवं.